हात की कान

कीथलीतल्या जुन्या लोकरीच्या गिरणीत
आता मसूर राहते.
मसूर, ओट्स, समुद्राचं मीठ,
साबणाच्या वड्या, काथ्याच्या घासण्या.
तळमजल्याची ओल तेवढी गेली नाही.
फार पाऊस लागला की भिंतीतून
मेंढीचा वास येतो, असं एनिड म्हणते.
बाकी कुणाला येत नाही.

मागे एकजण टाय लावून आला होता
फोर्कलिफ्ट विकायला. मालक कुठे, म्हणाला.
एकवीस जणांनी मान वर करून सांगितलं, बोला.
बिचारा घामाघूम.

मंगळवारी पॅलेट बाजूला सरतात,
व्हिनेगरची रिकामी पिंपं उलटी होऊन खुर्च्या बनतात.
आज अध्यक्ष झाहिदा.
काल ती ट्रक घेऊन लँकास्टरला गेली होती,
उद्या संडास धुण्याची पाळी तिची.
तिन्ही कामांचा ताशी दर एकच.

मुद्दा चौथा, काजू.
गॅरेथने कागद वाचला, डोळे वर न करता.
दूर कुठल्याशा शेडमध्ये टरफलाचं तेल
बायकांच्या बोटांवर उडतं.
कातडी जाते. मग ठसेही जातात.
बँकेच्या यंत्राला त्यांची बोटं
कुणाची आहेत ते कळत नाही.
"म्हणून माझा ठराव, काजू बंद."

विक्रीचा सहावा हिस्सा काजूवर येतो,
हे युस्टिनानेच वहीतून काढून आणलं होतं.
तरी पहिला होकार तिचा.

तेवढ्यात एनिड उठली. त्रेसष्ट वर्षं, गुडघे वाजतात.
"सोळाव्या वर्षी मी ह्या खांबापाशी
पिंजणीच्या यंत्रावर होते.
दीड बोट त्याने घेतलं.
पुढे गिरणी बंद पडली.
त्यानंतर इथे एकाही पोरीचं बोट तुटलेलं नाही.
झकास झालं, नाही का?"

छताचा पाइप ठिबकत होता, तो ऐकू आला.

"मला यंत्रावर जाळी हवी होती.
आणि पगार बरा.
कुलूप कुणी मागितलं होतं?"

गॅरेथने ओळ खोडली.
मग चहा दोनदा झाला, भांडण एकदा,
बिस्किटांचा डबा संपला, आणि ठराव असा उरला:
काजू घ्यायचे बेनिनमधल्या बायकांच्या सोसायटीकडून,
जिथे हातमोजे आहेत
आणि मजुरी किलोवर नाही, तासावर आहे.
भाव जवळजवळ दुप्पट.
दुकानदार सोसतील तेवढं सोसतील,
उरलेलं आपण.
युस्टिनाने पेन्सिल थुंकीने ओली केली.
ताशी एकेचाळीस पेन्स, प्रत्येकी.

हात वर करून मोकळं व्हायची रीत
माणसांत जुनी आहे.
इथे मात्र वर गेलेला हात
खाली येताना काही ना काही घेऊन येतो.

चौदा हात.
त्यात एक साडेतीन बोटांचा,
तो पूर्ण धरला.

किरनची नऊ महिन्यांची उमेदवारी
गेल्याच शुक्रवारी संपलेली. पहिलंच मत.
घरभाडं वाढलेलं, पोरीला बूट हवेत.
त्याचा हात कानापर्यंत गेला
आणि तिथेच रेंगाळला.
झाहिदाने विचारलं, "हा हात आहे की कान?"
सगळे हसले.
किरन हसला नाही. "कान," म्हणाला.
झाहिदाने विरोधात सात लिहिले.
पुढचा मुद्दा, फ्रीजरचं दार.

तीन महिन्यांनी नवा माल आला
आणि त्याच आठवड्यात पगाराच्या चिठ्ठ्या.
चौदांच्या, सातांच्या,
सगळ्यांच्या सारख्याच हलक्या.

पुड्या भरायची पाळी किरनची होती.
अर्धा किलो, अर्धा किलो, अर्धा किलो.
एका पुडीत काटा रेसभर पुढे गेला.
त्याने एक काजू काढला,
उजेडात धरला, उलटापालटा केला,
कुणी बघतंय का ते पाहिलं.
एनिड बघत होती.

"खा की," ती म्हणाली, "पैसे भरलेत तू."

त्याने खाल्ला.
सावकाश.